कच्ची फ्लॉपी, पक्की पत्रिका

छत्रीवाल्यांचा सीझन जूनमध्ये असतो, फटाकेवाल्यांचा दिवाळीत. माझा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचा. नारायणगावात बसस्थानकामागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. आपल्याकडे ज्या अवजारावर पोट चालतं त्याची खंडेनवमी-दसऱ्याला पूजा करतात. ट्रॅक्टर, तराजू, शिलाई मशीन यांना हळदीकुंकवाचं वावडं नसतं. कॉम्प्युटरला असतं, हे लोकांना पटवण्यात माझी निम्मी उमेद गेली. कुंकू फ्लॉपीच्या फटीत जायचं, नारळाचं पाणी कीबोर्डमध्ये मुरायचं आणि तिसऱ्या दिवशी मुंग्या यायच्या.

आळेफाट्याला एक गॅरेजवाले होते. गाडीच्या चाकांचा कोन जुळवायचं त्यांचं मशीन कॉम्प्युटरवर चालायचं. एका दसऱ्याला त्यांनी हार घालताना कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि सीडी ठेवायचा ट्रे बाहेर आला. त्यांनी त्यात अक्षता, सुपारी आणि झेंडूचं फूल ठेवलं. ट्रे आत गेला. फूल निघालं, सुपारी मात्र निघेना. मी पेटी उघडत असताना गॅरेजवाले शांतपणे म्हणाले, "भाऊ, त्यानं आपणहून ताटली पुढं केली. मला वाटलं, मान मागतोय." मी सुपारी काढून दिली.

मी कळंबचा. मूळचा टाइपरायटरचा मेकॅनिक. नव्वदीच्या सुरुवातीला नारायणगाव, मंचर, जुन्नर, घोडेगाव इथल्या टायपिंग क्लासेसचे आणि वकिलांचे टाइपरायटर माझ्याकडे असायचे. कॉम्प्युटर आले तेव्हा पुण्यात सहा महिने एका ओळखीच्याकडे फुकट राबून ते काम शिकलो. टाइपरायटरच्या काळात मला एक गोष्ट माहीत नव्हती. यंत्र धडधाकट असताना ते संपलं असं कुणी तिसराच जाहीर करू शकतो, ही ती गोष्ट.

बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगतो. कॉम्प्युटरच्या पोटात एक मूळ प्रोग्रॅम असतो. तो नसेल तर पडद्यावर काही दिसणार नाही आणि प्रिंटरवर काही छापणार नाही. आमच्या भागात त्या काळात बहुतेकांकडे विंडोज अठ्ठ्याण्णव होतं. असल्या प्रोग्रॅमला कुठे ना कुठे भोकं असतात, त्यातून व्हायरस शिरतात. सापडतील तशी ती भोकं कंपनी बुजवत राहते. आणि मग एक दिवस ती सांगते, की आता आम्ही बुजवणार नाही, तुम्ही नवा प्रोग्रॅम घ्या. याला सपोर्ट संपणं म्हणतात. अठ्ठ्याण्णवचा सपोर्ट २००६ च्या पावसाळ्यात संपला.

"म्हंजे आता बंद पडणार का?" गिऱ्हाईक विचारायचं.

"नाही."

"मग संपलं काय?"

ह्याचं चांगलं उत्तर मला शेवटपर्यंत सापडलं नाही. नवा प्रोग्रॅम जुन्या मशीनला पेलत नाही. म्हणून नवं मशीन घ्यायचं, तर जुना प्रिंटर त्याला जोडता येत नाही. प्रिंटरही नवा घेतला, तर ज्या कामासाठी हा खटाटोप मांडला ते कामाचं सॉफ्टवेअरच चालत नाही, कारण ते बनवणाऱ्यानं केव्हाच दुकान बंद केलेलं असतं. एक खिळा बदलायला जावं आणि सगळा वासा काढावा लागावा, असं ते प्रकरण होतं. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगायचो, की चालतंय तोवर चालवू. फक्त त्याला गावाबाहेर सोडायचं नाही. म्हणजे इंटरनेटची वायर काढून टाकायची, परक्याची फ्लॉपी घालायची नाही. सुट्या भागांसाठी मी मेलेली मशीनं विकत घ्यायचो. दुकानात लोखंडी कपाटाचे चार खण नुसत्या अशा भागांनी भरलेले होते. माझी बायको त्याला भंगार म्हणायची आणि मी साठा म्हणायचो. दोघांचंही बरोबर होतं.

या धंद्यातली माझा सगळ्यात जुना आणि हट्टी रोगी म्हणजे आप्पांच्या छापखान्यातलं मशीन. आप्पांचा छापखाना बाजारपेठेत. मुख्य काम लग्नपत्रिकांचं. शिशाचे खिळे, म्हणजे एकेक सुटं अक्षर, जुळवून छापायचा काळ त्यांनी पाहिलेला. पुढे त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर मराठी अक्षरांचं एक सॉफ्टवेअर बसवलं. या सॉफ्टवेअरला स्वतःचं कुलूप होतं. काडेपेटीएवढी एक डबी, ती कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या जागी लावायची आणि तिच्यात प्रिंटर लावायचा. डबी नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नाही. आप्पांनी तिला लाल दोरा बांधला होता. सॉफ्टवेअरवाली कंपनी कधीच बंद पडली होती, त्यामुळे डबी हरवली असती तर दुसरी मिळायची सोय नव्हती.

मशीनवर बसायची शैलाताई. शैलाताई आप्पांकडे खिळे जुळवायला लागली तेव्हा अठरा वर्षांची होती. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, पण सगळा बाजार तिला ताई म्हणायचा म्हणून मीही म्हणायचो. तिचा टायपिंगचा वेग असा, की पाहुण्यांची यादी वाचणारा मागे पडायचा.

पत्रिकेचं काम सोपं वाटतं, तसं ते नाही. नवरा-नवरीची नावं, तिथी, स्थळ हे झालं दहा ओळींचं. खरी लढाई खाली असते. निमंत्रक कोण, व्यवस्थापक कोण, कुणाचं नाव कुणाच्या आधी, थोरल्या चुलत्याच्या आधी मामाचं आलं तर काय होईल, जावयाचं नाव राहिलं तर काय होईल. आणि सगळ्यात खाली घरातल्या लहान मुलांची ओळ असते, 'माझ्या काकाच्या लग्नाला यायचं हं', आणि पुढे मुलांची नावं. त्यामुळे लोक यायचे ते सांगायचे, "थोरल्याच्या लग्नाची काढा, त्याच्यावरच बदल करा." आधीच्या पत्रिकेत नावांचा क्रम एकदा भांडून ठरलेला असे. शैलाताई जुनी फाइल उघडायची, बदल करायची आणि त्याच फाइलवर सेव्ह करायची. एका घराची एक फाइल. दर लग्नाला जुनं जायचं आणि त्याच नावानं नवं यायचं.

माझं आणि तिचं भांडण होतं ते तिच्या पद्धतीवरून. काम चालू असताना ती सगळं फ्लॉपीवर, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या चपट्या चौकोनी डिस्कवर, ठेवायची. प्रूफ काढायची, गिऱ्हाईक घरी घेऊन जायचं, चार जणांना दाखवायचं, चार बदल घेऊन परत यायचं. ते सगळं फ्लॉपीवर. शेवटच्या प्रुफावर गिऱ्हाइकाची सही झाली, की मग ती एकदाच, फक्त एकदाच, मशीनच्या पोटातल्या हार्ड डिस्कवर सेव्ह करायची. खिळ्यांच्या काळात सही झाल्याशिवाय मजकूर पक्का आवळायचा नाही, ही आप्पांची शिस्त. तिनं ती कॉम्प्युटरवर आणली होती. फ्लॉपी ही भरवशाची वस्तू नव्हे. उन्हात ठेवली तर गेली, स्पीकरजवळ ठेवली तर गेली. मी तिला म्हणायचो, सरळ डिस्कवर काम कर, दर पाच मिनिटांनी सेव्ह कर, लाइट जाते आपल्याकडे. दोनदा तिचं अख्खं काम गेलंही होतं. ती ऐकून घ्यायची.

"बरोबर हाय तुमचं, भाऊ," ती म्हणायची. "पन कच्चं ते कच्च्यात, पक्कं ते पक्क्यात."

मी नऊ वर्षं हे सांगितलं आणि तिनं नऊ वर्षं ऐकलं नाही. पुढे काय झालं ते कळण्यासाठी ही एवढीच गोष्ट ध्यानात ठेवायची.

२००६ मध्ये सपोर्ट संपला त्याच सुमारास त्या मशीनची हार्ड डिस्क टकटक करायला लागली. डिस्क टकटक करते म्हणजे ती निघायच्या तयारीत असते. मी कपाटातून त्याच मापाची दुसरी काढली, सगळं तिच्यावर उतरवलं, ती बसवली आणि नेहमीप्रमाणे साफसफाई केली. जुनी मशीनं पळती ठेवायची तर जागा मोकळी लागते, म्हणून सटरफटर फायली पुसायच्या, ही माझी पद्धत. त्यात 'बॅक' शेपटाच्या फायली यायच्या. शैलाताई जुन्या फाइलवर नवी सेव्ह करायची तेव्हा ते सॉफ्टवेअर जुनी फेकून देत नसे. तसबिरीत नवा फोटो बसवताना आपण जुना मागेच राहू देतो, तसं ते जुन्या फाइलला बॅक असं शेपूट लावून बाजूला ठेवायचं. फक्त एक आधीची, त्याच्या आधीची नाही. मी त्या सगळ्या एका आज्ञेनं पुसल्या. शेकड्यांनी असतील. वाचल्या नाहीत, वाचायचं कारणही नव्हतं. आप्पांना म्हणालो, बघा, मशीन कसं हलकं झालं.

त्यानंतर वर्षभरानं आप्पांनी नवीन मशीनही घेतलं. जुनं विकायचं त्यांच्या मनात होतं. पण नव्याला मागे डबी लावायची जागाच नव्हती आणि जुन्या फायली त्यावर उघडल्या तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि प्रश्नचिन्हं उमटायची. शैलाताईनं जुनं जाऊ दिलं नाही. कोपऱ्यात एका स्टुलावर ते राहिलं, वर प्लास्टिकचं कव्हर.

२००८ सालच्या द्राक्षांच्या हंगामात मंगल माझ्या दुकानात आली. मंगल आमच्या कळंबची, माझ्या शेजारच्या आळीतली. आळेफाट्याच्या पुढे एका गावात दिली होती. तीन-चार वर्षांपूर्वी नवऱ्यानं, दिलीपनं, तिला आणि लहान मुलीला माहेरी आणून सोडलं ते पुन्हा नेलं नाही. एवढं गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पुढचं तिनं सांगितलं. दिलीपनं दुसरं लग्न केलं होतं. मंगलनं घोडेगावच्या कोर्टात दावा लावला, तर त्याचं म्हणणं आलं, की या बाईशी माझं लग्न झालेलंच नाही, ही आमच्याकडे मळ्यात कामाला होती.

"पत्रिका असेल ना तुझ्या लग्नाची," मी म्हणालो.

"न्हाई ना, भाऊ. सासऱ्याचे वडील वारलेले. म्हनले, वर्षाच्या आत करायचं तर आत्ताच उरका. पंधरा दिवसांत देवळात लावलं. पत्रिका न्हाई, फोटो न्हाई. भटजी पन आता वारले."

"लोक असतील."

"त्यांच्या गावातलं कोन बोलतंय? आन आमचं मानूस बोललं तर म्हनत्यात, तुमचंच मानूस हाय." ती सावकाश बोलत होती, हे सगळं कितीदा सांगून झालं असावं. "वकील म्हनतात, त्यांच्या घरचा एखादा कागद पायजे. धाकट्या दिराचं लग्न झालं ना, संजयचं, त्या पत्रिकेत माजं नाव व्हतं. पूनमचं पन व्हतं. नऊ महिन्यांची व्हती. आमी सगळे आप्पांच्या छापखान्यात आलो व्हतो, पूनम मांडीवर व्हती माज्या."

त्या पत्रिकेची एक प्रत तिच्या माहेरी आली होती. पण पत्रिकेवर गणपती असतो, ती कचऱ्यात टाकत नाहीत. वर्षाच्या पत्रिका साठवून तिच्या आईनं निर्माल्याबरोबर घोड नदीत सोडल्या होत्या.

"मला पोटगी न्हाई मिळाली तरी चालंल," मंगल म्हणाली. "पोरीच्या बापाच्या नावापुढं रेघ मारून घेनार न्हाई मी."

मी तिला घेऊन आप्पांकडे गेलो. आप्पा आधी नाही म्हणाले. "ते पन आपलं गिऱ्हाईक हाय. कोर्टाकचेरीत कशाला पडायचं, राव?" त्यावर शैलाताई टाइप करता करताच म्हणाली, "पत्रिका व्हती, आप्पा. पाचशे छापून गावभर वाटल्या व्हत्या. त्यात चोरून ठेवन्यासारखं काय हाय?" छपाईच्या तत्त्वावर कुणी बोललं की आप्पा माघार घेत. त्यांनी हात हलवला, म्हणजे बघा काय करायचं ते.

शैलाताईनं जुन्या मशीनवरचं कव्हर काढलं आणि त्या घराची फाइल उघडली. पत्रिका संजयची नव्हती. २००५ मधली, नणंदेच्या लग्नाची होती. तीत दिलीपचं नाव होतं, मंगलचं नव्हतं, पूनमचंही नव्हतं.

"मीच काढलीत ही नावं," शैलाताई मंगलला म्हणाली. "मी विचारलं व्हतं, वैनीचं आन बाळाचं काढायचं का म्हनून. काढा म्हनाले. काढली." मग ती माझ्याकडे वळली. "पन आधीची मागं राहत्ये ना, भाऊ? तुमीच सांगितलं व्हतं एकदा."

राहते. म्हणजे राहिली असती. माझ्या डोक्यात हिशेब लगेच लागला. दुसऱ्या कुणी हे काम केलं असतं, माझ्या सल्ल्याप्रमाणे पाच-पाच मिनिटांनी सेव्ह केलं असतं, तर मागे राहिलेली फाइल पाच मिनिटांपूर्वीच्या अर्धवट पत्रिकेची असती. शैलाताईनं २००५ मध्ये एकदाच सेव्ह केलं होतं. म्हणून मागे राहिलेली फाइल ही अख्खी संजयची पत्रिकाच असणार. तिच्या हट्टानं ती टिकवली होती, आणि मी २००६ मध्ये ती पुसली होती. मला ते दोघींना सांगावं लागलं. मंगलनं "बरं" म्हटलं आणि ती पिशवी उचलून कळंबच्या गाडीला गेली. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. त्या दिवशी मला माझी लाज वाटली, हे इथे लिहून टाकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रू शोधायला कपाटाचा खालचा खण ओढला आणि तशीच मांडी घालून बसलो. गिऱ्हाइकाची काढलेली डिस्क मी फेकत नसे. टकटक करणारी ती जुनी डिस्क, वर चिकटपट्टीवर 'आप्पा छाप.' असं माझंच अक्षर. मी साफसफाई केली होती ती नव्या डिस्कवर. ही तशीच होती.

जोडून बघितली. फिरेना. टक, टक आणि शांत. पुन्हा तेच. अशा डिस्कवर आमच्या धंद्यात एक शेवटचा उपाय सांगतात. ती चांगली गारठवायची; आतले भाग आकसतात आणि तबकडी कधी कधी पाच-दहा मिनिटं फिरून देते. घरच्या फ्रीजवर माझा विश्वास नव्हता. नारायणगावात त्या दिवसांत द्राक्षं ठेवायची शीतगृहं भरलेली असतात. त्यातल्या एकाचं वजनकाट्याचं मशीन मीच चालतं ठेवलं होतं. डिस्क दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून मी तिथं गेलो.

"काय ठेवायचंय?" तिथला सुपरवायझर म्हणाला.

"एक लग्न आहे."

"कितवा नंबर लावू?" त्यानं न हसता विचारलं आणि दोन पेट्यांच्या मधे जागा करून दिली.

चार-पाच तास ती द्राक्षांत राहिली. दुकानापर्यंत आणेस्तोवर ती कोमट झाली असती, म्हणून मीच दुपारी माझा कॉम्प्युटर जीपमध्ये घालून तिथं नेला आणि शीतगृहाच्या दाराशी रिकाम्या पेटीवर मांडला. शैलाताईला बरोबर घेतलं. फायलींची नावं आठ अक्षरांची, गावाची तीन आणि घरातल्या कर्त्याची पाच, अशी तिनं ठेवलेली. तिच्याशिवाय त्या गर्दीत शोधायला वेळ लागला असता. पेट्या उचलणारे कामगार येता-जाता थांबून बघत होते. पहिल्यांदा जोडली, टकटक. पुन्हा अर्धा तास आत ठेवली. दुसऱ्यांदा जोडली आणि ती फिरली. पडद्यावर यादी उमटली. शैलाताईनं बोट ठेवलं. "ही."

मी ती एक फाइल फ्लॉपीवर उतरवायला लावली. निम्म्यात थांबली. मी काही केलं नाही, करण्यासारखं काही नव्हतं. मग ती पुढे सरकली आणि पूर्ण झाली. बाकी काही मिळतंय का बघावं म्हणून मी यादीकडे वळलो तोवर डिस्क पुन्हा टकटकली आणि कायमची बसली.

माझ्या मशीनवर फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरं आणि प्रश्नचिन्हं. ती वाचायची सोय जगात एकाच ठिकाणी होती, आप्पांच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर. फ्लॉपी खिशात घालून आम्ही बाजारपेठेत परत आलो. आप्पांनी स्वतः डबीचा लाल दोरा चाचपून बघितला. शैलाताईनं फाइल उघडली. निमंत्रकांत तिसऱ्या ओळीत 'सौ. मंगल व श्री. दिलीप' असं होतं. सगळ्यात खाली, 'माझ्या काकाच्या लग्नाला यायचं हं – कु. पूनम.' शैलाताईनं दोन्ही ओळी मोठ्यानं वाचल्या आणि नाक पुसलं. आप्पा म्हणाले, "छापा एक," आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

कोर्टात मलाही बोलावलं. समोरच्या वकिलांनी फाइलच्या तारखेचा कागद माझ्यापुढे धरला. त्यात १ जानेवारी १९८० असं होतं. "हे लग्न ऐंशी साली झालं काय?" त्यांनी विचारलं. मशीनमध्ये घड्याळापुरती एक बटणाएवढी बॅटरी असते. आप्पांच्या मशीनची ती अनेक वर्षं मेलेली होती, आणि पत्रिका छापायला घड्याळ कशाला हवं म्हणून मी बदलली नव्हती. बॅटरी मेली की मशीन दर सकाळी ऐंशी साल समजून उठतं. मी हे सांगितलं. मागे कुणीतरी हसलं. मी वीस वर्षं या धंद्यात होतो, आणि एका चिल्लर बॅटरीवरून माझी साक्ष पातळ झाली हे मला दिसत होतं.

मग मंगलच्या वकिलांनी संजयला उभं केलं. त्याच्या हातात पत्रिका दिली. त्याची स्वतःचीच.

"ही तुमच्या लग्नाची पत्रिका आहे का?"

नाही म्हणायचं तर स्वतःचं लग्न नाकारावं लागत होतं. तिथी, स्थळ, सासऱ्यांचं नाव, सगळं त्यात होतं. त्याची बायको मागच्या बाकावर बसली होती. संजयनं पत्रिका दोनदा वाचली.

"व्हय. माजीच."

"यात तिसऱ्या ओळीत मंगल लिहिलंय. ही कोण?"

त्यानं भावाकडे बघितलं नाही. "वैनी," तो म्हणाला.

निकाल लागायला पुढे बराच काळ गेला, पण तो त्या शब्दावरच लागला. पूनमच्या बापाच्या नावापुढे रेघ आली नाही.

मी त्यानंतर कुणाच्याही मशीनवरच्या बॅक फायली पुसल्या नाहीत. जागा लागली तर दुसरी डिस्क घाला, म्हणून सांगायचो. त्याआधी किती पुसल्या याची गणती नाही. शैलाताईनं मंगलचं नाव काढलं ते निदान विचारून काढलं होतं. मी न बघताच काढलं होतं. आणि ती पाच मिनिटांची गोष्ट मी तिच्यापाशी पुन्हा कधी काढली नाही. एकदा मीच म्हणालो, तुझं बरोबर होतं. ती म्हणाली, "बरोबर कशाचं, भाऊ? सवय व्हती."

निकालानंतर मंगल पूनमला घेऊन छापखान्यात आली. तिला ती पत्रिका हवी होती, कोर्टातल्यासारखी पांढऱ्या कागदावर नको, खरी हवी होती. मी तिथंच होतो. शैलाताईनं माळ्यावरून जुनी पिवळी कार्डं शोधून काढली, जुनं मशीन चालू केलं आणि एकच पत्रिका छापली, वर गणपतीसकट. पूनम तेव्हा तिसरीत होती. तिनं उभ्यानं ती वाचायला घेतली. मोठी नावं सोडून दिली आणि शेवटच्या ओळीपाशी आली. तिथलं स्वतःचं नाव तिनं बोट ठेवून दोनदा वाचलं. गावाला आमंत्रण तीच देत होती.

"मग आपन गेलो व्हतो का?" तिनं आईला विचारलं.

"गेलो व्हतो," मंगल म्हणाली. "तू झोपली व्हतीस."